धुतलेली बंडी

तीन वर्षं मी दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य बोलत होते. "ताई, बंडी हिरवी आहे. बाळाला घरीच ठेवा, पातळ पदार्थ देत राहा, काळजीचं कारण नाही." हे वाक्य मी फार छान बोलायचे. घाबरलेल्या बाईचा चढलेला आवाज माझं बोलणं ऐकून खाली यायचा, आणि त्याचा मला अभिमान होता. नव्या मुलींना शिकवताना तापकक्षात, म्हणजे तापलेल्या मुलांच्या आईबापांना फोनवर सल्ला देणाऱ्या आमच्या कक्षात, माझ्याच आवाजाचा नमुना ऐकवला जायचा.

दोन हजार बेचाळीस सालच्या त्या फ्लूच्या साथीत नभा, माझी तीन वर्षांची मुलगी, रविवारी सकाळी तापली. माझा नवरा उमेश खंबातच्या आखातात, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. तिथून तो महिना संपल्याशिवाय हलू शकत नव्हता. इचलकरंजीतल्या आमच्या घरात मी, नभा आणि माझे सासरे, एवढेच होतो.

सासऱ्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते. दिगंबर मुसळे. त्यांनी तीस वर्षं सायझिंगमध्ये काढली. सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ द्यावी लागते, म्हणजे पिठाच्या कांजीचा थर, नाहीतर मागाच्या मारानं ते तटातट तुटतं. ती खळ शिजवणं हे अण्णांचं काम. कापड अंगठ्यानं चोळून ते सुताचा नंबर सांगायचे, खळ कसली आणि किती तेही सांगायचे. व्यापारी वाद घालत आमच्या दारात यायचे आणि अण्णांचा शब्द घेऊन गप परत जायचे.

आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दुपारी तापबंडीचं पाकीट आणून दिलं तेव्हा मी घरूनच कामावर होते, कानाला यंत्र लावून. पाकीट अण्णांनी फोडलं. बंडी हातात घेतली, चोळली, आणि त्यांच्या बोटांना खळ लागली. विणकराच्या घरात कोरं कापड कुणी लेकराच्या अंगाला लावत नाही. खळीनं खाज सुटते, पुरळ उठतं, तापात तर फारच. अण्णांनी कोमट पाण्यात चिमूटभर सोडा घातला, बंडी हलक्या हातानं चोळली, दोन पाण्यातून काढली, पंख्याखाली वाळवली आणि नातीला घातली. पाकिटावर टबावर फुली मारलेलं बारकं चित्र होतं. तसली चित्रं अण्णांनी आयुष्यभर कापडाच्या गाठींवर पाहिली होती आणि कधीच मनावर घेतली नव्हती.

हे मला मंगळवारी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतेय, कारण यात रहस्य ठेवण्यासारखं काही नाही.

बंडी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. फ्लूनं लहान मूल दगावतं ते बहुतेक वेळा नुसत्या विषाणूमुळे नाही. विषाणू श्वासनळीचं अस्तर खरवडतो, आणि ते सावरायला शरीर जे सैन्य पाठवतं ते कधीकधी हाताबाहेर जातं. मग फुप्फुसात पाणी भरतं. हे व्हायच्या आधी पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवू लागतात. त्यातले काही निरोप अगदी कणभर घामात उतरतात, श्वास लागण्याच्या दहा-बारा तास आधी. बंडीच्या सुतावर प्रथिनांचा एक थर होता. ते विशिष्ट रेणू त्या थरात अडकले की सुतातून जाणारी वीज किंचित बदलायची, खांद्यावरची टिकली तो बदल आमच्या कक्षाला कळवायची, आणि पडद्यावर मुलाच्या नावापुढे रंग यायचा. हिरवा, पिवळा, लाल. तापाचा आकडा वेगळ्या धाग्यांतून यायचा. श्वास मोजायचे धागे आधी होते, पण लहान मुलं रडतात, लोळतात, त्यामुळे खोट्या घंटा फार वाजायच्या. घामाचा अंदाज इतका अचूक निघाला की श्वासाचे धागे काढून टाकले.

बंडीची मला निंदा करायची नाही. ती यायच्या आधी साथीत प्रत्येक तापलेलं पोर घेऊन आईबाप रुग्णालयाच्या दारात उभे राहायचे, आणि ज्याला खरंच ऑक्सिजन हवा ते मूल रांगेच्या शेवटी असायचं. बंडीनं ती रांग मोडली. पिवळा रंग आला की गाडी दारात यायची आणि खाट तयार असायची. हजारो मुलं त्यामुळे वाचली, हे मी आजही म्हणेन. फक्त हिरव्याला खाट मिळायची नाही आणि हिरव्याकडे कुणी बघायचंही नाही.

तर मंगळवार. सकाळी नभाचा ताप एकशे तीन. मी तिला वजनाच्या हिशेबानं औषध दिलं, कोमट पाण्यानं अंग पुसलं, पेज भरवायला बसले. तिनं दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. रविवारी ती किरकिरत होती, सोमवारी चिडत होती, आज अण्णांच्या मांडीवर गप पडून राहिली. मला वाटलं, गुणाची गं माझी बाय ती. पडद्यावर तिचं नाव हिरवं होतं. अकरा वाजता मी निश्चिंत मनानं कामाला बसले.

त्या दिवशीचा दुसरा की तिसरा फोन होता आफरीन मोमीनचा. दोन वर्षांचा मुलगा, नाव अयान, बंडी हिरवी.

"मॅडम, अयान एकदम गप झालाय. काल नुसता रडत होता. आज रडत पण नाही."

"ताई, बंडी हिरवी आहे," मी म्हटलं. आणि नेहमीच्या वाक्यात पदरचं घातलं, "रडत नाही म्हणजे त्याला आराम पडतोय."

"तसं नाही वाटत ओ मला. जरा कुणी बघितलं असतं तर..."

"काळजीचं कारण नाही. पातळ पदार्थ देत राहा."

ती म्हणाली, "बरं मॅडम." तिचा आवाज खाली आला होता. मी फोन बंद केला.

अण्णा दारात उभे होते. नभा त्यांच्या खांद्यावर होती.

"सानिका, आपली बी गप झालीया."

"हिरवी आहे अण्णा. आत्ताच बघितलं."

"तू रंग बघितलास. पोरीला कवा बघितलीस?"

मला राग आला. खरं सांगते, रागच आला. तीन वर्षं मी हे काम करतेय आणि सायझिंगमधला म्हातारा मला ताप शिकवतोय, असं मनात आलं. अण्णांनी नभाला माझ्या टेबलावरच निजवलं आणि बंडी गळ्यापर्यंत वर केली.

तिच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग मी ओळखला नाही, कारण तो माझ्या मुलीच्या ओठांचा रंगच नव्हता. अण्णा घड्याळाकडे बघत पुटपुटत मोजत होते. मिनिट संपलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"छप्पन्न," ते म्हणाले. "उमेश ल्हान असताना डॉक्टर म्हणायचा, चाळीसच्या वर गेला की उचलायचं."

हे मलाही शिकवलं होतं, पहिल्या आठवड्यात, एका तासात. त्यानंतर कधी लागलंच नव्हतं.

रिक्षानं रुग्णालय सात मिनिटांवर. त्या सात मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. दारातल्या मुलानं पडद्यावर नाव बघितलं आणि म्हणाला, "हिरवी आहे मॅडम, हिरव्याला आत सोडत नाहीत, तुम्हाला तर माहितीच आहे." मला माहिती होतंच. अण्णांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि आत शिरले.

मुलांच्या विभागात डॉक्टर माणगावे मॅडम होत्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. त्यांनी रंग विचारला नाही. नभाची छाती बघितली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. पंच्याऐंशी. दोन मिनिटांत नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सुई. नभा रडली तेव्हा मला बरं वाटलं.

"बंडीनं काहीच कसं दाखवलं नाही?" डॉक्टरांनी बंडी कात्रीनं कापून काढली आणि बोटांत धरली. "किती मऊ लागतेय ही. नवीन बंडी जरा कडक असते."

"कडक हुती की," अण्णा म्हणाले. "खळ हुती त्याला. मी धुऊनच घातली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या हातातला कापडाचा तुकडा घेतला आणि अंगठ्यानं चोळला, सवयीनं. चोळता चोळता त्यांचा अंगठा थांबला.

"ती खळ नव्हती व्हय?"

"नाही अण्णा," मी म्हटलं. "तेच यंत्र होतं. घामातलं ओळखायचं."

सोड्यानं तो थर निघून गेला होता. सुताला आता काही सापडत नव्हतं, आणि काही सापडलं नाही की टिकली हिरवा रंग कळवायची. मुलाला धोका नाही, याचा रंग हिरवा. मला काही कळत नाहीये, याचाही हिरवाच. ज्यांनी ही बंडी बनवली त्यांना हे दोन वेगळे रंग लागतील असं वाटलं नव्हतं. चाचण्या मोठ्या शहरांत झाल्या होत्या. तिथं लोक पाकीट फोडून बंडी तशीच घालत होते.

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. एकीकडे मला त्यांचा राग येत होता. दुसरीकडे हेही कळत होतं की मी दोन दिवस त्याच घरात होते, तिला भरवत होते, पुसत होते, आणि तिच्याकडे बघितलं नव्हतं. बघितलं ते अण्णांनी.

आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. अण्णांनी धुतली. पण हे अख्खं गावच मागाचं. इथं पोराला कोरं कापड घालतं कोण?

मी फोनवर कक्षाचा पडदा उघडला. शहरात त्या घडीला तीनशे बारा मुलांच्या अंगावर बंडी होती. पिवळी फक्त चार. बाजूच्या तालुक्यात, तेवढ्याच मुलांमागे, पिवळी-लाल मिळून एकोणतीस. हा फरक आठवडाभर आमच्या डोळ्यांसमोर होता, आणि आमच्याकडे साथ सौम्य आहे असं आम्ही समजत होतो.

कक्षप्रमुखांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता.

"मुसळे, हे गंभीर आहे. मी कंपनीला कळवतो. त्यांनी खात्री केली की अधिकृत सूचना काढू. उद्या दुपारपर्यंत."

"सर, उद्या दुपारपर्यंत काही मुलं राहणार नाहीत."

"आणि चुकीची सूचना गेली तर तीनशे आईबाप दारात येतील. चोवीस खाटा आहेत. तू स्वतः आईच्या मनःस्थितीत आहेस, हे लक्षात घे."

मी स्वतः आईच्या मनःस्थितीत होते, हे खरंच होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढचे सहा तास निर्णायक. नभानं माझं बोट धरलं होतं, मी जरा हलले की तिचे डोळे उघडायचे. मला तिथून हलायचं नव्हतं. बाकीच्या तीनशे मुलांचा विचार मला नको होता, आणि तो जात नव्हता. एकेक करून फोन करायचे तर संध्याकाळ झाली असती. शिवाय धुतली का असं विचारलं तर कोण हो म्हणणार? सूचना मोडली की दुसरी बंडी मिळत नाही, असं आम्हीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

"किती पोरं हायत?" अण्णांनी खालूनच विचारलं.

मी सांगितलं.

"समद्यास्नी एकदम बोलायची सोय असंल की तुमच्यात."

सोय होती. मंजूर झालेला ध्वनिसंदेश एका वेळी सगळ्या घरी पाठवता यायचा. मंजूर नसलेला पाठवला तर माझी नोकरी जाणार, हे सांगायला वकील नको होता.

"तुमचं कोण ऐकणार न्हाई," अण्णा म्हणाले. "तुम्ही रंग सांगणारी माणसं. मी बोलतो."

मी त्यांच्यासमोर फोन धरला. दोनदा त्यांनी सुरुवात केली आणि दोनदा थांबले. तिसऱ्या वेळी बोलले.

"मी दिगंबर मुसळे बोलतोय. सायझिंगमधला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडनं कापड पारखून घेतलंय. मी माझ्या नातीची तापाची बंडी धुतली. खळ हाय असं वाटलं म्हणून धुतली. ती खळ नव्हती. मला कळलं न्हाई. माझी नात आता ऑक्सिजनवर हाय. तुम्ही धुतली असंल तर त्या बंडीचं काय बी ऐकू नका. पोराची छाती उघडी करा आणि मिनिटभर श्वास मोजा. चाळीसच्या वर गेला, न्हाईतर बरगड्याखाली खड्डा पडत असंल, तर उचला आणि या. दारात कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. चूक माझी बी हाय, म्हणून सांगतोय."

मी पाठवलं.

पहिलं मूल वीस मिनिटांत आलं. बापानं दारातूनच ओरडून सांगितलं, "आम्ही पण धुतली!" त्याच्या मागोमाग आणखी दोन. डॉक्टर माणगावेंनी बाकावर, जमिनीवर, टेबलांवर जागा केली, शेजारच्या गावांतून ऑक्सिजनची नळकांडी मागवली. अण्णा दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाचा श्वास मोजत होते आणि ज्याला घाई आहे त्याला आत ढकलत होते. उरलेल्यांना ते सांगायचे, "याचा अडतीस हाय, घरी न्या, दर तासाला मोजा." दारातला तो मुलगा त्यांच्याकडून मोजायला शिकला. संध्याकाळपर्यंत एकसष्ट मुलं आली. त्यांतल्या तेवीस मुलांना ऑक्सिजन लागला. तीनशे आईबाप काही दारात आले नाहीत.

आफरीन मोमीन आली नाही. मी तिला फोन लावला, दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा कुण्या बाईनं उचलला आणि मागून जो आवाज ऐकू आला, त्यावरून मला कळलं. संदेश पोचायच्या अर्धा तास आधी अयान गेला होता.

नभाचा आकडा बुधवारी पहाटे नव्वदवर आला, आणि शुक्रवारी ती भूक लागली म्हणून रडली. मला कक्षानं निलंबित केलं. चौकशी चालू आहे, आणि ती योग्यच आहे. कंपनीनं टिकलीत चौथा रंग घातला, राखाडी. महिना संपताच उमेश आला, मुलीला कुशीत घेऊन बसला, अण्णांना एका शब्दानं बोलला नाही. त्यानं तरी बोलावं, असं अण्णांना वाटत होतं.

अयान गेल्यावर नवव्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, "मला मोमीनांच्या घरी जायचंय." त्यांनी चपला घातल्या.

ते घर मागांच्या कारखान्याला लागूनच होतं. धडधड भिंतीतून आत येत होती. आफरीन पंचविशीची असेल. मी दारातून आत येऊ का विचारलं. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, तिच्या सासऱ्यांनी पाणी दिलं. त्यांनी अण्णांना ओळखलं. दोघं म्हातारे एकमेकांकडे न बघता शेजारी बसले. तिचे सासरे म्हणाले, "आमच्यात बी मीच धुतली, दिगंबरराव." अण्णांनी त्यांचा हात धरला.

आफरीन माझ्याकडे बघत होती.

"आवाजावरनं ओळखलं मी तुम्हाला," ती म्हणाली. "एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी मी फोन केला. तेव्हा अयानबद्दल तुम्ही मला काय काय विचारलं होतं? मला आठवतच नाही. सारखं आठवायला बघते."

खोटं बोलणं सोपं होतं. तिला आठवत नव्हतं.

"काहीच विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "रंग बघितला आणि बोलले. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही."

ती रडेल, उठून जाईल, मला घालवून देईल, असं वाटलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर जमिनीवर नीट बसली.

"मग आता विचारा," ती म्हणाली.

पलीकडे माग चालू होते. मी तिला विचारलं, श्वास कसा होता. पाणी पीत होता का. शू कधी झाली होती. ओठ कसे दिसत होते. कुणाला हाक मारत होता. ती एकेक करून सगळं सांगत गेली, अगदी सावकाश, आणि मी ऐकत राहिले.